न दिसणारी वीज आणि महिन्याचं बिल

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाईंना विजेच्या बिलाचं काय पडलंय? बिल मलाही येतं, हे एक उत्तर झालं. दुसरं असं, की ‘एखादी गोष्ट आपल्याला कळली, असं कधी म्हणायचं’ हा प्रश्न मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला, आणि त्याचं इतकं घरगुती उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. शिवाय या विषयात शेवटी घरातली माणसं येतात. तिथे मला थोडं बोलायचंच आहे. पण आधी वीज.

समजा तुमच्या वाण्याने महिनाभर सामान दिलं आणि शेवटी एकच आकडा हातात ठेवला. तूरडाळ किती, तेल किती, साखर किती, काही नाही. नुसतं ‘अमुक रुपये द्या’. तुम्ही म्हणाल, अहो, यादी दाखवा. विजेच्या बाबतीत आपण ती यादी कधी मागतच नाही. ही वाण्याची उपमा माझी नव्हे, ऊर्जेचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये ती बरीच जुनी आहे. पण चपखल आहे म्हणून वापरते. बिलावर स्थिर आकार असतो, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, त्यावर १६ टक्के वीज शुल्क. पैशांची फोड भरपूर. पण फ्रिजने किती घेतले आणि गीझरने किती, याबद्दल चकार शब्द नाही. कंपनीलाही ते माहीत नसतं, कारण तिचा मीटर दाराबाहेर बसतो.

मग आपण अंदाज करतो. तो कशावरून करतो, ते बघण्यासारखं आहे. वीज स्वतः दिसत नाही. दिसतो तो उजेड, ऐकू येते ती घरघर. म्हणून आपल्या घराघरांत शिस्त कसली? ‘खोलीतून बाहेर पडताना दिवा घालव.’ ही शिस्त ज्या काळात लागली तेव्हा ती बरोबरच होती. ६० वॅटचा पिवळा बल्ब होता, तीन खोल्यांत तीन. आज त्या जागी ९ वॅटचा एलईडी आहे. तो रोज पाच तास लावला, तरी महिन्याला सव्वा-दीड युनिट होतात. आणि २००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट संपलं. म्हणजे दिवा विसरणाऱ्या मुलाला आपण महिनाभर ओरडतो, आणि दीड दिवसाच्या आंघोळीत ती सगळी बचत वाहून जाते.

२०१० साली शाहझीन अत्तारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ५०५ लोकांना विचारलं होतं, कोणतं उपकरण किती वीज घेतं असं तुम्हाला वाटतं? कमी वीज घेणाऱ्या वस्तूंचा अंदाज लोकांनी थोडा जास्त केला, आणि जास्त घेणाऱ्यांचा फारच कमी. सरासरीने प्रत्यक्षाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. लोक अमेरिकेतले असले, तरी ही चूक आपल्या ओळखीची आहे. मोबाइलचा चार्जर भिंतीतून उपटून ठेवणारे लोक मी पाहते. चांगलं आहे, ठेवा. पण नुसता खोचलेला साधा चार्जर अर्धा वॅटही घेत नाही. महिन्याचं पाव-अर्धं युनिट.

याउलट आपला तो ‘झिरोचा बल्ब’. रात्रभर देवघरात नाही तर पॅसेजमध्ये जळणारा. जुन्या प्रकारचा झिरोचा बल्ब बारा-पंधरा वॅट घेतो. रात्रीचे दहा तास धरले तर महिन्याला चार-साडेचार युनिट. दिवाणखान्यातल्या एलईडीच्या तिप्पट, आणि नाव काय, तर झिरो! नाव आणि वस्तू यांच्या संबंधावर मी सबंध सत्र शिकवलं आहे. हे उदाहरण तेव्हा सुचायला हवं होतं.

आता दिसत नसलेल्या गोष्टीचं ज्ञान कसं मिळवायचं? आपल्या परंपरेत याला अनुमान म्हणतात, आणि त्याची एक साधी कसोटी आहे, अन्वय आणि व्यतिरेक. हे असताना ते असतं, हा अन्वय. हे नसताना ते नसतं, हा व्यतिरेक. दोन्ही बाजूंनी तपासल्याशिवाय दोन गोष्टींचा संबंध आहे असं म्हणायचं नाही. युरोपात एकोणिसाव्या शतकात जॉन स्टुअर्ट मिलने जवळपास हीच रीत तर्कशास्त्राच्या पुस्तकात मांडली. घरातला वीज-मॉनिटर हे ही रीत वापरण्याचं साधन आहे, एवढंच. एक उपकरण चालू करा, आकडा किती चढला बघा. बंद करा, तेवढाच उतरला का बघा.

हे यंत्र दोन तऱ्हांचं मिळतं. एक, प्लगमध्ये खोचायचं. त्यात एकच उपकरण लागतं आणि त्याचे वॅट, युनिट दिसतात. गीझरसाठी घेणार असाल तर १६ अँपिअरचंच घ्या. छोट्या प्लगवर गीझर लावला तर तो वितळतो. दुसरं, घराच्या मुख्य वायरभोवती चिमट्यासारखं बसणारं. वायर कापावी लागत नाही. तारेतून जाणाऱ्या प्रवाहामुळे भोवती जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यावरून ते प्रवाह ओळखतं आणि सबंध घराचा आकडा मोबाइलवर दाखवतं. पण ते बसवायला डीबी उघडावी लागते. ते काम वायरमनचं. आणि कंपनीच्या सीलबंद मीटरला कोणीही हात लावायचा नाही. यातली स्वस्तातली यंत्रं फक्त प्रवाह मोजतात आणि व्होल्टेज गृहीत धरतात, म्हणून पंखा, मोटर अशा वस्तूंचा आकडा ती थोडा फुगवून दाखवू शकतात. मोठा निर्णय घ्यायचा असेल तर व्होल्टेजही मोजणारं यंत्र घ्या.

पण थांबा, लगेच विकत घ्यायला धावू नका. तुमच्या दाराबाहेर एक मॉनिटर आधीच बसलेला आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो, तो पाहिलाय का? त्याच्याजवळ एका युनिटला किती वेळा लुकलुकतो ते छापलेलं असतं. समजा ३२०० आहे. एक युनिट म्हणजे १००० वॅट एक तास, म्हणजे ३६०० सेकंद. दोन्हींचा गुणाकार ३६ लाख. त्याला ३२०० ने भागलं की ११२५. आता घड्याळ घेऊन दहा लुकलुकींना किती सेकंद लागले ते मोजा, आणि ११,२५० ला त्या सेकंदांनी भागा. उत्तर वॅटमध्ये. दहा लुकलुकी पंधरा सेकंदांत झाल्या तर घर त्या क्षणी ७५० वॅट घेतंय. दीडशे सेकंद लागले तर ७५, म्हणजे एखादा जुना पंखा. गीझर लावला की पाच-सहा सेकंदांत दहा होतात, दिवा अक्षरशः धावतो. तुमच्या मीटरवर १६०० असेल तर ११,२५० च्या जागी २२,५०० घ्या, ६४०० असेल तर ५,६२५. नातवंडं सुटीत आली असतील तर त्यांना हे काम द्या. त्रैराशिकाचा त्याहून चांगला धडा नाही.

सुरुवात कुठून करायची? माझं मत असं, की रात्रीपासून. सगळे झोपलेत, दिवे बंद, पंखे आणि एसी मिनिटभर बंद केले. आता घर काय घेतंय? बहुतेकांना वाटतं, काही नाही, फार तर फ्रिज. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबलेला असेल तेव्हा बघा. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आतून जागाच असतो आणि बरेच बॉक्स चालू असताना जेवढी वीज घेतात जवळपास तेवढीच घेत राहतात. राउटर आहे, टीव्हीचा लाल ठिपका आहे, पाण्याचा फिल्टर आहे. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी झाली असेल तर ती चार्ज करता करता बराच मोठा वाटा खाते. हे सगळं मिळून ४० वॅट धरा. चाळीस वॅट म्हणजे काय मोठंसं! पण ते चोवीस तास, तीस दिवस चालतं. २८.८ युनिट. कोणी वापरली नाही, कोणाला दिसली नाही, कोणी तिच्याबद्दल ओरडा खाल्ला नाही, अशी वीज. यातला काही भाग केवळ भिंतीवरचं बटण रात्री बंद केल्याने जातो.

मग फ्रिज. त्याला प्लगचा मॉनिटर लावून दोन दिवस ठेवा. निरोगी फ्रिज चालतो, थांबतो, चालतो, थांबतो. थांबायचं नावच घेत नसेल तर दाराचं रबर तपासा. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर रबर गेलं. रबर बदलायला येतो तो खर्च आणि नव्या फ्रिजचा खर्च यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि दुकानदार तुम्हाला यातलं दुसरंच सुचवणार.

पंखे आपल्याकडे सगळ्यांत दुर्लक्षित. जुना पंखा साधारण ७५ वॅट. तो दिवसाला अठरा तास फिरला तर महिन्याला चाळीस युनिट. नवे बीएलडीसी पंखे तीसच्या आसपास घेतात, म्हणजे सोळा युनिट. एका पंख्यामागे चोवीस युनिट वाचली. पण हे सबंध दिवस फिरणाऱ्या पंख्याचं गणित झालं. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा वर्षातून दहा दिवस फिरतो. तो बदलून काहीच मिळायचं नाही. मॉनिटरचा खरा उपयोग इथे आहे. काय बदलायचं यापेक्षा काय बदलायचं नाही, हे तो जास्त चांगलं सांगतो.

गीझरबद्दल मात्र विज्ञानच आड येतं. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ०.६ युनिट लागणारच. कोणत्याही कंपनीचा, कितीही तारे असलेला गीझर घ्या. यात वाचवायचं तर पाणी कमी तापवायचं किंवा कमी घ्यायचं, आणि तापवून टाकी दिवसभर चालू ठेवायची नाही. एसीचं थोडक्यात सांगते. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमाने २०२० पासून नवा एसी चालू होतो तोच २४ अंशांवर, आणि ब्युरोच्याच हिशेबाने तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. २६ वर ठेवून सोबत पंखा हळू लावून बघा. पटलं नाही तर खाली आणा.

वाचलेल्या युनिटची किंमत किती, हेही समजून घ्यायला हवं. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिली १०० युनिट, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, मग त्यापुढे. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. बऱ्याच लोकांचा समज आहे, की ३०१ वं युनिट पडलं की सगळीच युनिट महाग होतात. तसं नाही. वरची तेवढीच महाग. पण याचा अर्थ असा, की तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी तुमच्या बिलातलं सगळ्यांत महागडं युनिट असतं. ३४० युनिटच्या घरात ५० वाचली, तर त्यातली ४० तिसऱ्या टप्प्यातून कमी होतात. सरासरी दराने हिशेब केलात तर बचत कमी दिसेल.

इथे न्यायशास्त्रातली आणखी एक गोष्ट उपयोगी पडते, ती म्हणजे उपाधी. धूर दिसला तर अग्नी आहे असं म्हणता येतं. उलट, अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर येतो तो ओलं लाकूड असेल तर. हे ओलेपण म्हणजे उपाधी. आपण ज्याला कारण समजलो त्याच्या आड लपलेली अट. आता बघा. मेमध्ये मॉनिटर बसवला आणि जुलैचं बिल निम्म्यावर आलं. मॉनिटरने वाचवले? मध्ये पाऊस आला ना! एसी बंद झाला. मुलं वसतिगृहात परत गेली. म्हणून तुलना मागच्या महिन्याशी करायची नाही, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करायची. बिलावरच गेल्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. तो आपण वाचत नाही, कारण आपण फक्त रक्कम आणि शेवटची तारीख बघतो.

डोनेला मेडोज यांनी एक गोष्ट लोकप्रिय केली आहे. अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या एका वसाहतीत सगळी घरं सारखी, पण काहींचे मीटर तळघरात आणि काहींचे दाराच्या आत, येता-जाता दिसतील असे. दिसणाऱ्या मीटरच्या घरांत वीज एक तृतीयांशाने कमी वापरली जायची म्हणे. गोष्ट सुंदर आहे. पण तिथे उपाधी कोणकोणत्या होत्या हे कोणी तपासलं, असा प्रश्न मी विद्यार्थ्याला विचारला असता, म्हणून मेडोज यांच्या गोष्टीलाही विचारते. ऑक्सफर्डच्या सेरा डार्बी यांनी २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र पाहून सांगितलं, की वापर त्या क्षणी डोळ्यांसमोर दिसला तर ५ ते १५ टक्के बचत होते. पुढे आयर्लंडमध्ये हजारो घरांत स्मार्ट मीटरची मोठी चाचणी झाली. दिवसाच्या वेळेनुसार वेगळे दर आणि वापराची माहिती, दोन्ही दिलं, तेव्हा एकूण वापर सरासरी २.५ टक्के उतरला. जाहिरातीत ३० टक्के म्हटलं असेल, तर हा आकडा लक्षात ठेवा. नुसतं यंत्र बघून बिल उतरत नाही. अ‍ॅरिस्टॉटलला हा प्रश्न पडला होताच, की माणसाला योग्य काय ते कळतं, तरी तो तसं का वागत नाही. पहिल्या आठवड्यात सगळे आकडा बघतात, तिसऱ्या महिन्यात ते अ‍ॅप कुठल्या पानावर आहे तेही आठवत नाही.

म्हणून माझा सल्ला, यंत्र महिनाभर वापरा. शोधा, जे बदलायचं ते कायमचं बदलून टाका, म्हणजे पंखा, रबर, रात्रीचं बटण, आणि मग ते यंत्र शेजाऱ्यांना द्या. रोज आठवण ठेवावी लागेल अशा बचतीवर घर चालत नाही.

महिनाभरच का, याचं दुसरंही कारण आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मॉनिटर उपकरणाचा आकडा दाखवतो, पण घरात तो माणसाचा आकडा होतो. मिक्सर, मायक्रोवेव्ह, इस्त्री, वॉशिंग मशीन, जास्त वीज घेणाऱ्या बहुतेक वस्तूंजवळ दिवसा कोण उभं असतं? अजूनही बहुतेक घरांत बाईच. आलेख उंच गेला की प्रश्न तिला. ‘दुपारी अकराला काय चालू होतं?’ काय असणार! तुमचे शर्ट. वीज तिच्या हातून खर्च होते म्हणून ती तिच्यासाठी खर्च झाली, असं होत नाही. मॉनिटरला हा भेद दिसत नाही. तो आपण करायचा असतो.

ओळखीतल्या एका घरातलं सांगते. नागपूरचं घर, आई-वडील दोघंच, दोघांचीही पंचाहत्तरी उलटलेली. मुलगा पुण्यात. त्याने हौसेने यंत्र बसवलं आणि अ‍ॅप स्वतःच्या फोनवर घेतलं. हेतू चांगला होता, बिल तोच भरतो. एप्रिलमध्ये त्याने एकदा सहज फोनवर विचारलं, ‘आई, दुपारी एसी चार तास होता का गं?’ तो रागावला नव्हता. पण आईने दुसऱ्या दिवसापासून एसी लावणं बंद केलं. त्याला आलेख उतरलेला दिसला, तो खूश. मे महिना, नागपूर, पारा ४५ च्या घरात, आणि दोघं म्हातारी माणसं ओला पंचा अंगावर घेऊन पंख्याखाली बसलेली. शेजारणीने बघितलं म्हणून कळलं. वेळीच कळलं. म्हातारपणी तहान कमी लागते, घाम नीट येत नाही, आणि उष्माघात माणसाला सांगून होत नाही.

त्या आलेखात चूक काहीच नव्हती. युनिट खरोखरच वाचली होती. ती कशातून वाचली, हे आलेखात मावत नाही. एकच युनिट रिकाम्या खोलीतल्या टीव्हीला गेलं काय आणि वडिलांच्या दुपारच्या झोपेला गेलं काय, मीटर दोन्हींना एकदाच लुकलुकतो. त्या मुलाने नंतर काय केलं, तर अ‍ॅप आईच्या फोनवर टाकलं आणि स्वतःच्या फोनवरून काढलं. मला ते शहाणपणाचं वाटलं. ज्याच्या घरात यंत्र आहे, आकडा आधी त्याला दिसावा. आणि यंत्र आणण्याआधीच घरात बसून ठरवावं, की कशाला हात लावायचा नाही. म्हाताऱ्यांचा गारवा, आजाऱ्याचं यंत्र, मुलांच्या अभ्यासाचा दिवा. ही यादी आधी आणि मोजणी नंतर.

एक चिठ्ठी आली आहे, ती वाचते. ‘आम्ही भाड्याने राहतो. खाली एका पेटीत बारा मीटर आहेत. त्यातला आमचा कोणता हेच माहीत नाही, तर लुकलुक कशी मोजणार?’

फार चांगला प्रश्न. बिलावर मीटर क्रमांक असतो, तो आधी पेटीतल्या मीटरशी जुळवा. मग खात्री करा. एक जण खाली उभा राहू दे, एक वर. फोनवर बोलत वरच्याने घराचा मेन स्विच बंद करायचा. खाली तुमच्या मीटरचं लुकलुकणं थांबायला हवं. काही मीटरवर दिवा स्थिर पेटलेला राहतो, ते चालेल. मेन चालू केला, गीझर लावला, की तो धावायला हवा. अन्वय झाला, व्यतिरेक झाला. मेन बंद असूनही तो लुकलुकतच राहिला, तर तुमच्या मीटरमधून दुसऱ्या कोणाकडे, नाही तर जिन्यातल्या दिव्यांकडे वीज जात असण्याची शक्यता आहे. तेव्हा स्वतः काही उघडू नका, भांडायलाही जाऊ नका. तारीख-वेळ लिहून ठेवा, शक्य तर व्हिडिओ काढा, घरमालकाला दाखवा आणि वीज कंपनीच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.